सव्वातीनचा कौल

अन्याय झाला तो शाहीन आपांवर. कधी, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता. कुठं, तर आपल्याच छत्रपती संभाजीनगरातल्या एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी सलाईनची खोकी ठेवायचे त्या खोलीत. आपा त्या वेळी त्या खोलीत नव्हत्या. एक मजला खाली, खिडकीजवळच्या खाटेवर बसून त्या पाचवीच्या पोरांच्या वह्या तपासत होत्या. आपल्यावर अन्याय होतोय हे त्यांना तेव्हा कळलं नाही, नंतरही कळलं नाही.

त्याच मिनिटाला ज्या दुसऱ्या बाईवर अन्याय झाला, ती मात्र त्या खोलीतच होती. धुरपताबाई. सोयगाव तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवरची. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा विष्णू पाऊण तासापूर्वी मृत घोषित झाला होता.

अन्याय करणारी मी.

नावं बदलली आहेत. वेळ बदललेली नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला 'कामातले प्रेरणादायी प्रसंग' लिहायला सांगितले. तसे प्रसंग माझ्याकडं आहेत. शाळा-कॉलेजांत भाषणाला बोलावतात तिथं मी ते सांगते, टाळ्या पडतात, गुलाबाचं फूल मिळतं. ते इथं लिहिणार नाही. टाळ्यांनी कुणाचं यकृत बदलत नाही.

मी अवयव प्रत्यारोपण समन्वयक आहे. सरळ सांगायचं तर, ज्या घरातलं माणूस आत्ता गेलं त्या घरासमोर बसून त्याचे अवयव मागणारी बाई. वॉर्डातल्या मावश्या माझ्या माघारी मला 'गिधाडताई' म्हणतात. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, तरी चहा आणून देतात. त्याआधी, कॉलेजात असल्यापासून, मी पत्रकं वाटायचे. गुलमंडीच्या चौकात उभं राहून, अंगात येणाऱ्या बाईविरुद्ध, ताईतवाल्या बाबाविरुद्ध, सप्ताहात उभा राहून 'देह अपुरा गेला तर मुक्ती नाही' सांगणाऱ्या महाराजाविरुद्ध. वाचणाऱ्याला झोंबलं पाहिजे असं लिहा, असं आम्हाला शिकवलं होतं. मला ते फार लवकर जमलं. नोकरीला लागल्यावर रुग्णालयाचं अवयवदानाचं पत्रकही मीच लिहिलं. तांबड्या अक्षरात, वरच्या बाजूला: 'दगडाला फुलं वाहून काय मिळालं? माणसाला जीवन द्या.' मला त्या ओळीचा अभिमान होता. ती पुढं येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

आमच्या धंद्यातली मुख्य गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोक्याला जबर मार लागून मेंदू पूर्ण आणि कायमचा बंद पडतो, पण श्वासाचं यंत्र लावलेलं असलं तर छाती वरखाली होत राहते, हृदय काही काळ चालतं. अंग कोमट असतं. हा माणूस मेलेला आहे. झोपलेला नाही, बेशुद्ध नाही, मेलेला. हे ठरवायला चार डॉक्टर लागतात. ते डोळ्यांत उजेड टाकतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, आणि शेवटी यंत्र काढून काही मिनिटं नुसते उभे राहून छातीकडं बघतात. छाती हलत नाही. सहा तासांनी हे सगळं परत करतात. दुसऱ्यांदाही छाती हलली नाही की तीच मृत्यूची वेळ. त्यानंतर मला तोंड उघडायची परवानगी. त्याआधी नाही.

ते सहा तास मला सगळ्यांत वाईट वाटतात. नातेवाईक काचेतून बघतात. छाती वरखाली होतेय. त्यात तालुक्याच्या दवाखान्यातल्या कुणीतरी आपली खाट मोकळी करण्यासाठी 'वर न्या, होईल बरा' असं सांगून पाठवलेलं असतं. आशा विकणारे बाबा मी चौकात उभं राहून धुतले. पांढऱ्या कोटातल्यांवर एक पत्रक लिहायची माझी हिंमत झाली नाही, हेही इथंच लिहून टाकते.

लोक विचित्र भेटतात. एक पाटील, सत्तरीचे, चार पिढ्यांची जमीन, दोन मुलं शहरात नोकरीला. नेत्रदानाचा फॉर्म भरायला स्वतः आले आणि म्हणाले, डोळा कुणाला बसवणार हे आधी कळलं पाहिजे. कुणालाही बसवून चालणार नाही. मी म्हणाले, काका, तुमच्या डोळ्याला जात दिसते, पण तुमच्या डोळ्याची जात कुणाला दिसणार आहे? ते हसले आणि सही केली. मला वाटलं जिंकले. वर्षभरानं ते गेले ते मला दहाव्याला कळलं. घरी गेले. फोटोला हार, हाराखाली आमचं दात्याचं कार्ड, लॅमिनेट करून. थोरला म्हणाला, "बाबांचं काहीतरी सरकारी दिसलं, म्हणून ठेवलं." पाटलांनी मला सांगितलं होतं. पोरांना सांगितलं नव्हतं.

आणि एक घर लवकर हो म्हणालं, तेही सांगते, कारण ते माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. शहरातलंच बौद्ध कुटुंब. मुलगी गेली होती, अपघातात. आई म्हणाली, ऑपरेशनला न्यायच्या आधी आम्ही तिच्या खाटेपाशी त्रिशरण म्हणू. मी लगेच हो म्हणाले. सर्जन घड्याळ बघत होते, त्यांना मी थांबवलं. सात-आठ माणसं त्या यंत्रांच्या टुणटुणीत उभी राहून म्हणत होती आणि मीही हात जोडून उभी होते. त्रिशरण मला विचार वाटला. धुरपताबाईच्या घरचा कौल, म्हणजे देवाला कळ्या लावून विचारणं, मला अंधश्रद्धा वाटली. दोन्ही घरं एकच मागत होती, थोडा वेळ. एकाला मी दिला.

आता शाहीन आपा.

त्या उर्दू शाळेत शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. यकृत कामातून गेलं होतं, पोटात पाणी व्हायचं, ते काढायला दर आठवड्याला यायच्या, आणि श्रावणापासून तर दाखलच होत्या. आमच्या यादीत त्यांच्या रक्तगटात त्यांचा नंबर पहिला होता. नियम असा की इथं यकृत मिळालं तर आधी इथल्या यादीकडं बघायचं. म्हणजे इथं कुणीतरी जाण्याची त्या वाट बघत होत्या. असं बोलायचं नसतं, पण ते तसंच असतं.

मी त्यांना एकदा आगाऊपणानं विचारलं, तुमच्यात चालतं का हो हे, दुसऱ्याचं घेणं? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मोहल्ल्यातल्या दोन मौलानांना विचारलं. एक म्हणाले जान वाचवणं जायज आहे. दुसरे म्हणाले नाही. भाऊ दोन दिवस झोपला नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय ठरवलं? त्या म्हणाल्या, तिसऱ्याला विचारलं. तिसरा म्हणजे कोण, तर स्वतः. हसल्या. मग जे बोलल्या ते मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं होतं, पत्रकात वापरायला.

"बेटा, मैं दुआ में जिगर नहीं माँगती. किसी का घर उजड़े, ऐसी दुआ कैसे माँगूँ? मैं सब्र माँगती हूँ. अपने लिए नहीं. जिस घर से आएगा, उस घर के लिए."

जिगर म्हणजे यकृत. अजून न गेलेल्या माणसाच्या, अजून न भेटलेल्या आईसाठी ही बाई दिवसातून पाच वेळा सब्र, सोसायचं बळ, मागत होती. मी तोवर आशेवर दहा पत्रकं लिहिली होती. त्यातल्या एकातही आशेची ही बाजू नव्हती: आपली आशा दुसऱ्याच्या दारातून प्रेत निघण्यावर उभी आहे, हे माहीत असूनही माणसानं कसं जगायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विष्णू आला. मेंढरं भाऊबंदांकडं ठेवून तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. सोयगावहून अजिंठ्याकडं येताना त्याची मोटरसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. हेल्मेट नव्हतं. कपाळावर कुणीतरी भंडारा लावलेला होता, पट्टीच्या कडेनं पिवळा दिसत होता. सिस्टरनं तो पुसला, धुरपताबाईनं परत लावला, सिस्टरनं परत पुसला, तिनं परत लावला. शेवटी सिस्टरनं सोडून दिलं.

मंगळवारी सकाळी साडेआठला पहिली तपासणी झाली. दुपारी अडीचला दुसरी. छाती हलली नाही. रक्तगट शाहीन आपांचा. हे मला कळलं तेव्हा मी जिन्यात एकटी होते आणि मला आनंद झाला. लपवत नाही. असा आनंद आमच्या कामात होतो आणि त्याला जागा कुठं द्यायची हे कुणी शिकवत नाही.

खोलीत तिघंच होतो. मी, धुरपताबाई आणि विष्णूचे चुलते सटवातात्या. विष्णूचा बाप तो लहान असतानाच गेलेला. तात्या उंच, डोक्याला लाल फेटा, हातात घडी घातलेला एक कागद. मी सांगायचं ते सांगितलं. मेंदू, यंत्र, दोन तपासण्या. धुरपताबाई ऐकत होती. ती रडत नव्हती. मग मी मागायचं ते मागितलं. नाव सांगता येत नाही, कायदा आहे, पण कुणीतरी वाट बघतंय, एवढं म्हणाले.

तिनं विचारलं, "दुखंल का त्येला?"

नाही म्हणाले.

"मंग देऊ की," ती म्हणाली. "त्यो बी कवा कुनाला नाय म्हनला नाय." मग दिराकडं वळली. "पर भावजी, इचारून."

"व्हय," तात्या म्हणाले. "इचारावं तर लागंल."

मी फॉर्म सरकवला. कुणाकडं सरकवला ते नीट वाचा. तात्यांकडं. आई समोर बसलेली, आईनं हो म्हटलेलं, कायद्यानं आईची सही चालते. बाईच्या हक्कांवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

तात्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, पोरीला सांगावं तसं. वस्तीवर मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नाही. कळप कुठल्या बाजूनं चारायला न्यायचा, सोयरीक जोडायची, बिऱ्हाड हलवायचं. खंडोबाचं थान आहे. दगडाला पाण्यानं दोन कळ्या चिकटवतात, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. धाकटा भाऊ सकाळपासून अंघोळ करून तिथंच बसलाय. सकाळी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं होतं की काहीतरी विचारायची वेळ येणार. आता भावाला फोन करून सांगितलंय. पाच-दहा मिनिटांत उलट फोन येईल.

पाच-दहा मिनिटं. विष्णूचं बीपी स्थिर होतं. अवयववाटपाच्या विभागीय केंद्राला फोन व्हायचा होता, सर्जन यायचे होते. घाई असते आमच्याकडं, खरी असते. त्या दिवशी दहा मिनिटं होती.

पण डावी पडली तर? मला तेवढंच दिसत होतं. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका घरानं असंच एका बाबाला विचारलं होतं, तो म्हणाला होता परत येईल, आणि ते घर तीन दिवस काचेसमोर बसून राहिलं होतं. खाली आपा होत्या. पोट परत भरत आलं होतं. त्या दगडाला मी नाही म्हणायची संधी देणार नव्हते. म्हणून मी बोलायला लागले. आधी नीट बोलले. मग भाषण केलं. तात्या ऐकून घेत होते. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, सव्वातीन, आणि मीच म्हणाले:

"तात्या, चार डॉक्टरांनी दोनदा तपासलंय. आता दगडावरच्या दोन कळ्या तिसऱ्यांदा तपासणार आहेत का?"

झोंबलं पाहिजे असं बोलायला मी शिकलेली आहे.

त्याच वेळी त्यांच्या खिशात फोन वाजला. ढोलाची गत होती, मोठ्यांदा. त्यांनी फोन काढला, त्याच्याकडं बघितलं, बटण दाबून बंद केला आणि खिशात ठेवला. मग हातातला कागद उलगडून टेबलावर माझ्यापुढं सपाट केला. माझंच पत्रक. सकाळपासून त्यांच्या हातात होतं.

"हे तुमीच लिवलंय न्हवं?"

मी हो म्हणाले.

"बाई, आमचा देव दगड हाय. खरं हाय. पर त्या दगडानं आमच्या पोराचं काळीज कवा मागितलं नाय."

ते उठले. धुरपताबाई लगेच उठली नाही. माझ्याकडं बघत बसली. बोलेल असं वाटलं. तात्यांनी दारातून "वैनी" म्हटलं तेव्हा उठली. दारात थांबून एवढंच विचारलं की मशीन कवा काढणार.

नकार आला की मला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'नकाराचे कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'धार्मिक श्रद्धा'. तसले फॉर्म पुढं जातात, त्यांची बेरीज होते, मग कुणीतरी परिषदेत उभं राहून सांगतं की मराठवाड्यात धार्मिक श्रद्धेमुळं अवयवदान होत नाही. त्या रकान्यात 'समन्वयकाचा उद्धटपणा' असा पर्याय नाही. असता तरी मी त्यावर खूण केली नसती, त्या दिवशी तरी नाही.

ताराबाई मावशी खोली झाडायला आल्या. त्यांनी दाराबाहेरून सगळं ऐकलेलं. टेबलावरचं पत्रक उचललं, मला वाटलं केरात टाकतील, पण घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, "ताई, फुलं पडाया किती येळ लागतो? च्या उकळस्तोवर पडत्यात."

साडेचारच्या सुमाराला मी खाली गेले. आपांनी माझा चेहरा बघितला आणि लाल पेनाचं टोपण लावलं. कुणाचा इंतकाल झाला का, विचारलं. मला सांगायची परवानगी नाही. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, दोन्ही तळवे पुढं धरले आणि डोळे मिटले. कुणासाठी दुआ करतायत हे मला माहीत होतं. धुरपताबाईसाठी. जिनं 'देऊ की' म्हटलं होतं आणि जिचं आम्ही घेतलं नव्हतं, तिच्यासाठी ही बाई सब्र मागत होती.

विष्णूचं हृदय दुसऱ्या दिवशी सकाळी थांबलं. त्यांनी त्याला वस्तीवर नेलं, सगळाच्या सगळा. महाराज लोकांना पाहिजे असतो तसा, अपुरा न होता.

शाहीन आपा गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला गेल्या. रक्ताची उलटी झाली, मग शुद्ध गेली. मधल्या दिवसांत त्यांच्या गटाचं दुसरं यकृत आलं नाही. विष्णूचं त्यांना बसलंच असतं आणि त्या वाचल्याच असत्या, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. जुळवणी असते, शस्त्रक्रिया असते, त्यातही माणसं जातात. मी शपथेवर एवढंच सांगू शकते की त्यांचा नंबर पहिला होता आणि दारापर्यंत आलेलं मी परत पाठवलं. भाऊ वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेत गेला. वरच्या सोळा तपासलेल्या होत्या, खालच्या तशाच.

दसऱ्याच्या आधी मी वस्तीवर गेले. कुणी पाठवलं नव्हतं. माफी मागायला जायचं असं ठरवून निघाले होते आणि वाटेत तीन वेळा गाडी वळवावीशी वाटली. धुरपताबाईनं ओळखलं. बस म्हणाली नाही, पण पोतं टाकलं. बकरीच्या दुधाचा चहा दिला. मग तात्या मेंढरं घेऊन आले.

मी माफी मागितली. आधी पाठ केलेली होती, ती लांबलचक. तात्या ऐकून म्हणाले, चला. वस्तीच्या मागं, बाभळीखाली थान होतं. शेंदूर-भंडाऱ्याचा दगड, गुडघ्याएवढा. मी त्या दगडावर केवढं बोलले होते आणि तो मला पहिल्यांदा दिसत होता.

"त्या दिशी फोन आला व्हता," तात्या म्हणाले. "तुमी बोलत व्हता तवा."

मी म्हणाले, ऐकला होता.

"धाकट्याचा व्हता. उजवं पडलं व्हतं."

मी विचारलं, मग उचलला का नाही. त्यांनी फेट्याचं टोक सारखं केलं.

"उचलला असता तर देवाला तुमच्या टेबलापुढं जबाब द्याया हुबं केल्यावानी झालं असतं. त्यो काय आरोपी हाय का?"

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मी सव्वातीन वाजता विचारायला हवं होतं. कौल कशाला लावतात, एवढं साधं. मला वाटत होतं हे लोक दगडाला विचारतायत की पोरगं जिवंत होईल का. तात्या म्हणाले, "पोरगं गेलंय हे आमाला सकाळच्यालाच कळलं व्हतं. मेंढरं राखतो आमी, मेलेलं कळतंय. पर वैनीनं व्हय म्हनलं तर जल्मभर तिच्या मनात ऱ्हानार, मीच माझ्या लेकराला फाडाया सांगितलं. म्या म्हनलं तर माझ्या मनात. देवानं म्हनलं की देवाच्या अंगावर. त्येला काय, त्यो दगड हाय. त्येला सोसतंय."

मी आजही कौलावर विश्वास ठेवत नाही. कळी ओली असते, पाणी वाळतं, ती पडते. पण आमच्या खोलीत टिश्यूचा डबा आहे, पाण्याची बाटली आहे, चार भाषांतली पत्रकं आहेत, आणि त्या आईच्या डोक्यावरचं ओझं घेईल अशी एकही वस्तू नाही. त्यांच्याकडं होती. ती सोबत घेऊन ते हो म्हणायला आले होते. ती हातातून काढून ठेवा आणि मग हो म्हणा, असं मी सांगत होते.

निघताना धुरपताबाई गाडीपर्यंत आली. सगळ्या वेळात ती एवढंच बोलली, तेही माझ्याकडं न बघता.

"म्या तर देऊ म्हनले व्हते. कुनी ऐकलंच नाय."

ते तांबडं पत्रक आता छापत नाही. उरलेले गठ्ठे मी स्वतः फाडले. आता त्या खोलीत मी आधी विचारते: तुम्हाला कुणाला विचारायचंय का? देवाला, मौलवींना, भंतेंना, गावच्या थोरल्याला? विचारा. मी बाहेर थांबते. कधी हो येतं, कधी नाही. नाही आलं की चहा सांगते. मृत्यूच्या दारात बसून हे सगळं दहा मिनिटांत करायला लावणं मुळात चूक आहे, एवढं मला कळलंय, आणि हे आधी ठरवून ठेवायचं काम माझं नाही, तुमचं आहे.

म्हणून हा अंक मिटा. कार्ड भरू नका, पाटलांच्या कार्डाचं काय झालं ते वाचलंत. व्हॉट्सअॅपवर हे पुढं पाठवू नका. तुमच्या घरातल्या ज्या बाईला उद्या त्या खोलीत माझ्यासमोर बसावं लागेल, आई, बायको, लेक, जी असेल ती, तिच्याकडं जा. माझं काय द्यायचं आणि काय नाही, हे तिला तोंडानं सांगा. काहीच द्यायचं नसेल तर तेही सांगा, मी भांडणार नाही. ज्याला मानता त्याला विचारायचं असेल तर आज विचारा, तुमच्या स्वतःच्या पायांनी जाऊन, तुमच्या स्वतःच्या छातीत श्वास असताना. कौल लावायचा असेल तर आज लावा, आणि कुठलं फूल पडलं ते घरी येऊन सांगा. ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्या.

उठा. ती आत्ता घरात असेल.